ग्राफिक कार्ड कंपन्यांनो, एकदा मे महिन्यात अकोल्याला या

प्रति,
फॅक्टरी ओव्हरक्लॉक ग्राफिक कार्ड बनवणाऱ्या सगळ्या कंपन्या आणि त्यांचे भारतातले डिस्ट्रिब्युटर,

नमस्कार.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'ओसी', म्हणजे ओव्हरक्लॉक, लिहिलेलं, चिपच्या मूळ स्पीडपेक्षा (त्यालाच क्लॉक म्हणतात) फॅक्टरीतच जास्त स्पीड लावलेलं कार्ड तुम्ही साध्या कार्डापेक्षा हजार-दोन हजार जास्त लावून विकता, वरच्या मॉडेलला तर त्याहून कितीतरी जास्त, आणि तेच कार्ड तुम्हीच छापलेल्या स्पीडवर चाललं नाही की तुमचा सपोर्टवाला फोनवर गोड आवाजात म्हणतो, "सर, क्लॉक पन्नास मेगाहर्ट्झ कमी करून बघा ना." माझं भांडण या एका वाक्याशी आहे, बाकी तुमच्या आरजीबी लाइटी, ड्रॅगन, रोबोट, काय लावायचं ते लावा, मला काही म्हणायचं नाही.

मी अकोल्यात राहतो, लोकांचे पीसी असेंबल करून देतो, थोडंफार व्हिडिओ एडिटिंग करतो, त्यामुळे दरवर्षी होळी झाली की माझ्याकडे तेच ते फोन सुरू होतात, दादा गेम मधेच बंद पडतो, दादा स्क्रीन काळी होते आणि फॅन एकदम विमानासारखे ओरडतात, दादा रेंडर नव्वद टक्क्यांवर जाऊन अडकतो. जानेवारीत हेच पीसी गुपचूप चालत असतात. माझ्या स्वतःच्या कार्डाचं पण हेच झालं, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण नाव लिहिलं की बाकीच्या कंपन्या म्हणणार बघा बघा त्यांचं खराब आहे, आणि खरं सांगायचं तर या बाबतीत तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी आहात. तर ते कार्ड कुरिअरने सर्व्हिस सेंटरला पाठवलं, काही आठवड्यांनी परत आलं, सोबत कागद, 'नो फॉल्ट फाउंड'. मी फोन करून विचारलं कसं टेस्ट केलं, तर कळलं की ओपन टेबलवर, एसी रूममध्ये, बेंचमार्क चालवला, पास झालं. अहो एसी रूममध्ये ओपन टेबलवर माझंपण पास होतं! माझ्या घरी मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ असतं, खोलीत कूलर आहे, तो कूलर जी हवा फेकतो ती दमट असते आणि त्यात धूळ पण असते, आणि कार्ड असतं काचेच्या बंद कॅबिनेटमध्ये, कारण तुमच्याच जाहिराती बघून लोकांना काचेचं कॅबिनेट पाहिजे असतं.

आता तुम्ही म्हणाल ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की थोडी रिस्क आलीच. थांबा. ओव्हरक्लॉक मी केला असता तर रिस्क माझी होती, मान्य, शंभर टक्के मान्य. पण हे तुम्ही केलंय, फॅक्टरीत, बायोसमध्ये, म्हणजे कार्डातल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून, बॉक्सवर छापून, त्याचे पैसे घेऊन. ज्या क्षणी तुम्ही तो आकडा बॉक्सवर छापला त्या क्षणी तो ओव्हरक्लॉक राहिलाच नाही, तो त्या कार्डाचा स्पेसिफिकेशन झाला. मिक्सर तीन नंबरवर जळका वास मारतो म्हणून दुकानात घेऊन गेलो आणि दुकानदार म्हणाला दोन नंबरवर वाटत जा, तर आमची आई तो मिक्सर त्याच्या काउंटरवर आपटून येईल. तुमच्या बाबतीत मात्र लोक मुकाट्याने आफ्टरबर्नर नावाचं स्पीड बदलायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करतात आणि स्लायडर मागे ओढतात, आणि वर फोरमवर एकमेकांना सल्ला पण देतात की अंडरव्होल्ट कर भाऊ, म्हणजे व्होल्टेज कमी कर, मस्त चालतं.

बरं, आपण ज्याचे पैसे देतो तो 'ओसी' असतो तरी किती? आरटीएक्स ३०६० घ्या, आपल्याकडे हे कार्ड घराघरात आहे. त्यातली चिप एनव्हिडियाची, तिचा मूळ बूस्ट क्लॉक, म्हणजे लोड आल्यावर गाठायचा छापील स्पीड, १७७७ मेगाहर्ट्झ, आणि तीच चिप लावून एमएसआय कंपनीने बनवलेल्या व्हेंटस टू एक्स ओसी वर १८०७. तीस मेगाहर्ट्झ. म्हणजे पावणेदोन टक्के पण नाहीत, ६० फ्रेम येत होत्या तिथे फारतर ६१ येतील. आणि त्यातही गंमत अशी की २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाच्या कार्डांत जीपीयू बूस्ट आहे, म्हणजे कार्ड थंड असेल आणि पॉवरला जागा असेल तर ते स्वतःहूनच छापलेल्या आकड्याच्या वर जातं, आणि गरम झालं की स्वतःच पायरी-पायरीने खाली येतं. त्यामुळे मुंबईत एसीमध्ये बसलेल्या पोराचं साधं कार्ड आणि अकोल्यातल्या पोराचं 'ओसी' कार्ड यांची मे महिन्यात शर्यत लावली तर साधं कार्ड पुढे जाऊ शकतं. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही, तुमच्या इंजिनिअरना तर पाठ असेल.

आणि वरच्या कार्डांत जिथे खरंच ओव्हरक्लॉक असतो तिथे त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. चिपची पॉवर क्लॉकच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि शेवटचे शंभर मेगाहर्ट्झ काढायला व्होल्टेज वाढवावंच लागतं, म्हणून स्पीड थोडा आणि ताप भरपूर असा सौदा होतो. २०१६ च्या जीटीएक्स १०८० चं उदाहरण बघा, मूळ कार्ड १७३३ मेगाहर्ट्झ बूस्ट, १८० वॅट. तीच चिप लावणाऱ्या ईव्हीजीए कंपनीचं एफटीडब्ल्यू मॉडेल १८६० मेगाहर्ट्झ, २१५ वॅट. सात टक्के क्लॉकसाठी जवळजवळ वीस टक्के जास्त पॉवरची सोय करून ठेवली, आणि हे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन त्या कॅबिनेटमध्येच येतात, दुसरीकडे कुठे जाणार.

याच कार्डाचं पुढे काय झालं ते तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल. त्या वर्षी लोकांच्या १०७० आणि १०८० कार्डांच्या स्क्रीन काळ्या पडायला लागल्या, काहींनी तर कार्डातून धूर निघाल्याचं सांगितलं, आणि टॉम्स हार्डवेअर या रिव्ह्यू साइटच्या जर्मन टीमने थर्मल कॅमेरा लावून फरमार्क हे कार्डावर पूर्ण लोड टाकणारं सॉफ्टवेअर चालवलं तेव्हा व्हीआरएम, म्हणजे चिपला करंट पुरवणारा भाग, ११० डिग्रीच्या आसपास जाताना दिसला. चिपचा सेन्सर मात्र शांतपणे नॉर्मल आकडा दाखवत होता! कारण कार्डाचा कूलर चिपवर नीट बसला होता, पण व्हीआरएमच्या प्लेटची उष्णता कूलरच्या पत्र्यांपर्यंत न्यायला मधे थर्मल पॅड, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्ट्या, टाकल्याच नव्हत्या. काही रुपयांचा पॅड हो. कंपनीचं म्हणणं होतं की तापमान स्पेसिफिकेशनच्या आतच आहे, पण तरी त्यांनी मागेल त्याला पॅड फुकट पाठवले, फॅन जोरात फिरवणारा नवीन बायोस दिला, आणि ज्याला स्वतः कूलर उघडायचा नव्हता त्याचं कार्ड परत पण घेतलं. तेवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. ती कंपनी २०२२ मध्ये ग्राफिक कार्डच्या धंद्यातून बाहेर पडली, आणि जे राहिलेत त्यांच्यात अशी उघड्यावर येऊन पॅड वाटायची दानत मला तरी कमीच दिसते.

२०२० मध्ये असुसच्या रॉग स्ट्रिक्स आरएक्स ५७०० सिरीजचं असंच. महागडा तीन फॅनचा कूलर, पण चिपवर दाबून बसवणारे स्क्रू ढिले. असुसने खुलासा केला की चिप बनवणाऱ्या एएमडीने ३० ते ४० पीएसआय दाब सांगितला होता, आम्ही तो पाळला, नंतर आमच्या टेस्टमध्ये कळलं की ५० ते ६० पाहिजे, म्हणून जानेवारी २०२० पासूनच्या कार्डांत नवीन स्क्रू टाकलेत, जुनी कार्डं सर्व्हिस सेंटरला आणा. प्रामाणिक खुलासा होता, पण माझा प्रश्न साधा आहे, ही टेस्ट विकायच्या आधी का नाही केली? मूळ क्लॉकपेक्षा जास्त क्लॉक लावून, 'प्रीमियम' म्हणून जास्त पैसे घेऊन विकलेलं कार्ड आणि त्याचा दाब विकून झाल्यावर तपासायचा?

त्याच वर्षी सप्टेंबरात आरटीएक्स ३०८० आलं. १७ तारखेला विक्री सुरू, आणि चार-आठ दिवसांतच लोकांचे गेम क्रॅश होऊन डेस्कटॉपवर, बऱ्याच जणांचं क्लॉक २ गिगाहर्ट्झच्या आसपास पोचलं की धडाम. चिपच्या मागच्या बाजूला कोणते कपॅसिटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारे बारके भाग, लावलेत यावर महाभारत झालं, ईव्हीजीएने जाहीर सांगितलं की सहाच्या सहा पॉसकॅप नावाचे मोठे कपॅसिटर लावलेलं आमचं डिझाइन आमच्याच टेस्टमध्ये टिकलं नाही म्हणून आम्ही ते बदललं आणि त्यामुळे आमची कार्डं उशिरा आली. आणि २८ तारखेला एनव्हिडियाने ४५६.५५ नंबरचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढला, क्रॅश थांबले, आणि ज्यांनी मोजून बघितलं त्यांना दिसलं की वरचा टोकाचा बूस्ट थोडा खाली आलाय. म्हणजे काय, तर "सर, क्लॉक थोडा कमी करून बघा" हेच, फक्त जगभर एकदम.

एनव्हिडिया स्वतः पण यातून सुटत नाही बरं का. २०१८ चं आरटीएक्स २०८० टीआय फाउंडर्स एडिशन, मूळ बूस्ट १५४५ आणि यांच्या स्वतःच्या कार्डावर १६३५, म्हणजे कंपनीनेच फॅक्टरी ओव्हरक्लॉक करून ९९९ डॉलरच्या जागी ११९९ डॉलरला विकलं. सुरुवातीच्या बऱ्याच कार्डांवर स्क्रीनभर रंगीत चौकोन यायला लागले आणि कार्डं मेली. दोष ओव्हरक्लॉकचाच होता असं मी म्हणत नाही, कंपनीने एवढंच सांगितलं की सुरुवातीच्या बोर्डांत 'टेस्ट एस्केप' झालं. मराठीत, तपासणीतून खराब माल निसटला. मी या सगळ्या भानगडी ज्या धाग्यात ओवतोय तो धागा हाच आहे, तपासणी. जास्तीचे मेगाहर्ट्झ लावताना जास्तीची तपासणी लावली का, हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारतच नाही.

रिव्ह्यूवाल्यांनी विचारावा तर त्यांचा वेगळा लोचा. २०१६ लाच टेकपॉवरअप या रिव्ह्यू साइटने उघड केलं होतं की एमएसआय आणि असुस रिव्ह्यूसाठी जी कार्डं पाठवतात त्यांच्या बायोसमध्ये जास्त क्लॉकचा ओसी मोड आधीच चालू असतो, आणि दुकानातून घेतलेल्या त्याच कार्डात तो सॉफ्टवेअर टाकून चालू करावा लागतो. फरक एक-दोन टक्क्यांचाच, पण रिव्ह्यूच्या तक्त्यात तेवढ्यानेच एक ओळ वर जाता येतं ना. शिवाय जवळपास सगळे मोठे रिव्ह्यू २०-२५ डिग्रीच्या खोलीत होतात. फॅन तोच आणि लोड तोच ठेवला तर खोली जितकी तापेल साधारण तितकंच कार्ड वर सरकतं, म्हणजे तिथे ६८ दिसणारं कार्ड आमच्या ४० डिग्रीच्या खोलीत ८३ च्या पुढे. आणि ज्या १०८० ची गोष्ट सांगितली त्याची डिफॉल्ट तापमान मर्यादाच ८३ होती!

चिपचं एक वेळ जाऊ द्या, ती स्वतःला सांभाळते, क्लॉक कमी करते, अगदीच झालं तर बंद पडते. मरतात ते चिपच्या आजूबाजूचे भाग. ३०८० आणि ३०९० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० डिग्रीला पोचली की थ्रॉटल करते, म्हणजे स्पीड कमी करते, आणि ३०९० ला तर अर्धी मेमरी मागच्या बाजूला, जिथे ना फॅन ना काही, नुसती बॅकप्लेट. कमी प्रतीचे पॅड लावलेली कितीतरी कार्डं मी उघडलीत, तेल सुटलेलं असतं, पॅड हातात घेतला की पिठासारखा भुगा. चिप आणि कूलर यांच्यामधल्या पेस्टचं पण तसंच, रोज गरम-थंड गरम-थंड होऊन ती चिपच्या मधून हळूहळू कडेला सरकते, दोन उन्हाळ्यांत हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, आणि मुख्य तापमान यांत वीस-पंचवीस डिग्रीचं अंतर पडलेलं असतं. हॉटस्पॉट बघून आम्हाला कळायचं तरी की पेस्ट बदलायची वेळ आली, पण एनव्हिडियाच्या ५० सिरीजमध्ये हॉटस्पॉटचा तो आकडाच सॉफ्टवेअरला दिसेनासा झालाय. थर्मामीटरच काढून घेतला की ताप नाही, असं आहे का?

व्हीआरएमचं तापमान तर बहुतेक कार्डांवर दिसतच नाही. का? सेन्सर एवढा महाग आहे? बॉक्सवरची आरजीबी पट्टी परवडते आणि हा परवडत नाही?

आता वॉरंटीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त राग तिथलाच आहे. पेस्ट सुकली, पॅड गेले, मी स्वतः दोनशे रुपयांची पेस्ट लावून कार्ड वाचवू शकतो, पण स्क्रूवर तुमचं स्टिकर, ते फाटलं की वॉरंटी गेली. तुमच्याकडे पाठवलं तर 'नो फॉल्ट फाउंड', नाहीतर 'फिजिकल डॅमेज', नाहीतर 'रस्ट', कोकणातल्या आणि मुंबईच्या माझ्या गिऱ्हाइकांनी या रस्टचा एवढा धसका घेतलाय की काही जण कार्डाच्या ब्रॅकेटचा फोटो काढून ठेवतात घेतल्या दिवशीच. अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने गिगाबाइट, झोटॅक आणि एएसरॉकला याच स्टिकरवरून लेखी तंबी दिली. म्हणजे तेच स्टिकर तिथे चालत नाही आणि इथे बिनधास्त चालतं, कारण इथे कोणी विचारत नाही. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यावर अजून लोकांचं फारसं लक्ष नाही, पण कायदा अगदीच पांगळा नाहीये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दोषाची जी व्याख्या आहे तिच्यात विक्रेत्याने कुठल्याही प्रकारे केलेल्या दाव्यापेक्षा माल कमी पडला तर तो दोष, असं आहे. बॉक्सवर छापलेला क्लॉक हा दावा नाही तर काय आहे? त्या क्लॉकवर कार्ड क्रॅश होत असेल तर ते डिफेक्टिव्ह आहे, बदलून द्या, स्लायडर शिकवू नका. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बिलावर तो नंबर लिहून देतो, तुमच्या एका डीलरला ते आवडलं नाही, असो.

मग मला पाहिजे काय? फार काही नाही. बॉक्सवर ओसीचा आकडा जिथे छापता तिथेच खाली छापा की हा आकडा खोलीच्या किती डिग्रीपर्यंत आणि बंद कॅबिनेटमध्ये टेस्ट केलाय. ३५ पर्यंत असेल तर ३५ लिहा, आम्ही समजून घेऊ, निदान विदर्भ-मराठवाड्यातला माणूस साधं मॉडेल घेऊन तेवढे पैसे कॅबिनेटच्या फॅनमध्ये घालेल. वरच्या काही कार्डांवर दोन बायोसचा स्विच असतो, ती तुमची खरंच चांगली कल्पना आहे, मनापासून सांगतो, मग तो सगळ्या ओसी कार्डांवर द्या आणि एका बाजूला चिप कंपनीचा मूळ क्लॉक ठेवा, म्हणजे क्रॅश ओसीमुळे आहे की कार्डच गेलंय हे पाच मिनिटांत कळेल, तुमचा पण कुरिअरचा खर्च वाचेल.

आणि डिस्ट्रिब्युटर मंडळींनो, तुम्हाला वेगळं सांगतो. हिटिंगची तक्रार लिहिलेलं कार्ड आलं की ते कॅबिनेटमध्ये घालून, काच लावून, एसी बंद करून, एक तास लोड द्या. पाच मिनिटांचा बेंचमार्क नको. रिपोर्टमध्ये खोलीचं तापमान लिहा, हॉटस्पॉट लिहा, मेमरीचं लिहा. 'नो फॉल्ट फाउंड' लिहायचंच असेल तर हे आकडे टाकून त्याखाली सही करा. आमच्या इथून कार्ड पाठवायचं म्हणजे नागपूर नाहीतर मुंबई, जाण्यायेण्याचा खर्च आमचा, तोपर्यंत एडिटिंगवाल्याचा धंदा बंद, लग्नसराई तर नेमकी एप्रिल-मेमध्येच असते हो, तारखा उन्हाळ्याच्या आणि कार्डं पण उन्हाळ्यातच मरतात.

तुमच्यापैकी ज्याला पहिल्यांदा असा तापमानाचा आकडा बॉक्सवर छापायची हिंमत होईल त्याचं कार्ड मी माझ्या गिऱ्हाइकांना आधी सुचवेन, दोन टक्के हळू असलं तरी.

आपला,
अकोल्याचा एक असेंबलवाला

ता. क. : प्रत्येक मॉडेलच्या थर्मल पॅडची जाडी तुमच्या वेबसाइटवर टाका, कुठे १ मिलिमीटर, कुठे दीड, कुठे २. सध्या ती आम्ही कोणा रशियन नाहीतर ब्राझीलच्या पोराच्या व्हिडिओवरून पॉज करकरून काढतो, अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लागला की कूलर चिपवर टेकत नाही आणि पुन्हा सगळं उघडावं लागतं.